पाच पाण्यांनी धुतलेला हरभरा

आधीच सांगून टाकते, मी अडाणी नाही. बारावी झालेली आहे. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका गावात अठरा वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. गरोदर बाईनं काय खावं आणि काय खाऊ नये, हे घरोघर जाऊन सांगणं हेच माझं काम. म्हणून तर हे लिहायची जास्त लाज वाटते. पण माझ्या लेकीनं बजावलंय, लाजबीज बाजूला ठेव आणि सगळं सांग. तिचं ऐकणं मला भाग आहे. का, ते पुढं कळेल.

डोळे

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. पल्लवी, माझी एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना लागला होता. सकाळी अंगणात ऊन खात बसलो होतो, तर ती माझ्याकडं टक लावून पाहायला लागली.

"आई, तुये डोळे पिवळे दिसून राहिले वं."

"हळद कांडली काल. उडाली असन."

"हळद डोळ्यात गेली असती तं तू गाव गोळा केलं असतं. इकडं पाय."

खरं म्हणजे तीन आठवड्यांपासून मला बरं नव्हतं. भाकरीचा वास आला तरी पोटात ढवळायचं. तळपायांना अशी खाज सुटायची की उंबरठ्यावर पाय घासायची. लघवी चहासारखी व्हायची. दुसऱ्या कुणा बाईनं हे मला सांगितलं असतं, तर मी तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. स्वतःला मात्र म्हणत राहिले, पित्त झालंय, मोबाईलवर अंगणवाडीची माहिती भरून भरून डोकं उठलंय, होईल कमी. आम्हा बायांची ही एक खोडच आहे.

पल्लवीनं आरसा आणून हातात दिला. मी पाहिलं आणि आरसा पालथा ठेवला. शेजारची काकू म्हणाली, कावीळ उतरवणारा माणूस आहे, गळ्यात माळ घालतो. पल्लवी एवढी चिडली, की तिच्या बाबांनी निमूटपणे अमरावतीची बस धरायची तयारी केली.

अमरावती

तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काही पिण्याची सवय?"

"मी? बाप्पा!" मी इतक्या जोरात बोलले, की बाहेरच्या बाकावरच्या बाया वाकून पाहायला लागल्या. डॉक्टर बिचारे म्हणाले, ताई, सगळ्यांनाच विचारावं लागतं.

काविळीच्या सगळ्या तपासण्या केल्या. पाण्यातून होते ती नाही, रक्तातून होते ती नाही. पित्ताशयात खडा नाही. कोणती गोळी घेता? कोणतीच नाही. झाडपाल्याचं काही? नाही. रिपोर्ट मात्र असे, की डॉक्टरांनी दोनदा रक्त काढायला लावलं, मशीन चुकलं की काय म्हणून. मशीन बरोबर होतं. यकृताला जबर सूज होती आणि रक्त गोठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेत होतं.

"यकृताच्या डॉक्टरांना दाखवा. आजच अकोल्याला जा," ते म्हणाले. माझा भाऊ अकोल्यात राहतो, तेवढी एक सोय होती. पल्लवीला फोन करून सांगितलं, दोन दिवसांत येतो, नीट खात जा.

नीट खात जा. मीच म्हणाले होते.

कोणता हरभरा

अकोल्याच्या डॉक्टर म्हणजे बारीक अंगाची, शांत आवाजाची बाई. माझ्या लेकीपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल. पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसली आणि चौकशी सुरू केली. घरी फवारणी कोण करतं? गडी. तुम्ही वावरात जाता? नाही, मला अंगणवाडीतून सवड कुठं? मागच्या दोन महिन्यांत बाहेरचं काय खाल्लं?

इथं माझी मान ताठ झाली. "बाहेरचं काहीच नाही मॅडम. बेसनसुद्धा घरच्या हरभऱ्याचं. माझ्या हातानं धुऊन, वाळवून, दळून आणलेलं."

पल्लवीचे बाबा स्टुलावर बसून माझ्या फायली लावत होते. त्यांनी मान वर केली.

"कोणता हरभरा वं? मागचा तं दिवाळीच्या आंदीच इकला. औंदाचा तं अजून वावरात उभा हाये."

डॉक्टरचा पेन थांबला.

"मग हा कोणता?" तिनं विचारलं.

"पेरून उरला होता तो."

"बियाण्याचा? औषध लावलेला?"

"पाच पाण्यांनी धुतला मॅडम," मी म्हणाले. आणि स्वतःचंच ते वाक्य कानावर पडलं.

तुम्हाला नीट सांगते काय झालं होतं. आमच्याकडं हरभरा पेरायच्या आधी त्याला बुरशीनाशक चोळतात, रोपं मरू नयेत म्हणून. त्याला आम्ही कुणी विष म्हणत नाही. औषधच म्हणतो. गुलाबी रंगाची भुकटी असते, पाण्यात कालवायची आणि दाण्यांना चोळायची. गावात हे काम बायांचं. ओसरीत ताडपत्री अंथरतात, गोल करून बसतात, गप्पा होतात, चहा होतो. या कामात माझा हात गावात नावाजलेला. मी चोळलेल्या बियाण्याला दाण्यादाण्याला सारखा रंग बसतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी बाया मला बोलवायच्या. त्या हंगामात मी सहा-सात घरचं बियाणं चोळलं होतं. हात चार-चार दिवस गुलाबी राहायचे आणि आम्ही हसायचो, की शोभाताईची मेंदी उतरली नाही अजून. पाकिटावर धोक्याचा रंगीत त्रिकोण असतो, हातमोजे घाला असं लिहिलेलं असतं. मीच ते वाचून दाखवायची, शिकलेली म्हणून! मग पाकीट बाजूला ठेवून उघड्या हातानं चोळायला बसायची. मोजे घातले की रंग सारखा बसत नाही ना.

औंदा आमच्या खालच्या वावरात ओल राहिली, तेवढा तुकडा पेरायचा राहून गेला. पंधराएक किलो हरभरा उरला. टपोरा, एकही दाणा किडका नाही. अन्न कसं टाकायचं? मी तो टाक्यावर नेला आणि पाच पाण्यांनी धुतला. पहिलं पाणी गुलाबी, दुसरं फिक्कं, पाचवं अगदी नितळ. स्लॅबवर तीन दिवस वाळवला, भाजला, गिरणीतून बेसन दळून आणलं. मी स्वतःवर इतकी खूश होते, की विचारू नका.

आमच्या यांना बेसनानं जळजळ होते, ते शिवत नाहीत. मी मात्र एक दिवसाआड झुणका-भाकर खायची. आणि—

"घरात आणखी कोणी खाल्लं?" डॉक्टरनं विचारलं.

पल्लवीचे बाबा उभे राहिले.

"पोरगी हाये आमची. त्याच बेसनाचे लाडू खाते. सातवा सुरू हाये तिले."

डॉक्टर म्हणाली, आत्ता फोन लावा. फोन मीच लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्पीकर सुरू केला.

"पल्लवी, काय करून राहिली?"

"काई नाई बाबा. टीव्ही पाहून राहिली. लाडू खाऊन राहिली. कावून?"

"थूक."

"आं?"

"थुकून टाक आंदी! आताच्या आता!"

रोज दोन लाडू. मीच नेम लावून दिला होता. बाळाच्या वाढीला प्रथिनं लागतात, हे तिला मी अंगणवाडीतला तक्ता दाखवून समजावलं होतं.

सतरा दिवस

वॉर्डातला दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. रक्त काढायला पोरगी यायची, मग झाडूवाली मावशी, मग पांचट चहा. नऊ वाजता डॉक्टर. ती रोज दोन गोष्टी करायची. आज कोणता वार ते विचारायची आणि कागदावर माझं नाव लिहायला लावायची. यकृत फारच हरलं तर त्याचा परिणाम डोक्यावर होतो, तो असा ओळखतात. हे कळल्यापासून मी पहाटेपासून वार पाठ करत पडायची. मंगळवार, मंगळवार, मंगळवार.

चौथ्या दिवशी माझं अक्षर हललं. "शोभा" लिहिताना काना खाली घसरला. अठरा वर्षं रजिस्टर लिहिणारी बाई मी, माझं अक्षर पाहून सुपरवायझर खूश व्हायच्या. डॉक्टरनं कागद घडी करून खिशात ठेवला. तो दिवस मी मरणाची वाट पाहण्यात काढला, खोटं कशाला सांगू. मरायला मी भीत नव्हते, पण पल्लवीचं काय होतं ते न कळता मरायचं, ह्यानं जीव जात होता.

तिला जावयांनी दुसऱ्याच दिवशी अकोल्याला आणलं होतं. सोनोग्राफी झाली, बाळाचे ठोके बरोबर होते. तिच्या रक्तात मात्र यकृताचे आकडे चढलेले होते. माझ्याएवढे नाही, पण गरोदर बाईला नसावेत एवढे. ती माझ्या पलंगापाशी आली. मी तोंड फिरवलं. ती म्हणाली, "जेवली काय?" एवढंच. मी मान हलवली. ती गेली.

विहीणबाई वाईट एक शब्द बोलल्या नाहीत. "बाळंतपण आता आमच्याकडंच होऊ द्या, अमरावतीत दवाखाना जवळ आहे," असं अगदी गोड म्हणाल्या. पहिलं बाळंतपण आमच्याकडं आईच्या घरी होतं. त्यांचं बरोबर होतं आणि मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

पल्लवीचे बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाणी द्यायचे, गोळ्या द्यायचे, हात धरून संडासापर्यंत न्यायचे, पण तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या दिवशी सुरू झाले, "साऱ्या गावाले अक्कल शिकवते, अन्..." पुढचं त्यांनी गिळलं आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात रडले. मला कसं कळलं? शेजारच्या पलंगापाशी बसणाऱ्या नजमाआपांनी सांगितलं.

नजमाआपा अकोल्याच्याच. सासूच्या सोबतीला होत्या. त्यांची सासू दिवसभर झोपून, म्हणून त्यांनी मलाही आपल्या हाताखाली घेतलं. माझ्या तळपायांची खाज त्यांना पहिल्याच दिवशी दिसली. रोज दुपारी खोबरेल घेऊन बसायच्या. मी म्हणायची, आपा, राहू द्या, पायाला हात नका लावू. त्या म्हणायच्या, "चुप बसा. तुमच्या पायाले नाई, तेलाले हात लावून राहिली मी." घरून मऊ खिचडी आणायच्या. मी रडायला लागले की डबा पुढं सरकवायच्या. "रो लो बहन, पर पैले दोन घास खा. उपाशी रडलं की डोकं दुखते." अशा बाईला काय म्हणायचं?

पाचव्या दिवशी आकडा चढायचा थांबला. आठव्या दिवशी उतरला. काना सरळ आला.

जनुकं

जरा बरं वाटायला लागलं तशी मी डॉक्टरला गाठलं. म्हटलं, रंग तर पाचव्या पाण्याला गेला होता, मग राहिलं काय?

"रंग गेला. तो तर ओळखू यावं म्हणूनच घालतात," ती म्हणाली. "औषध दाण्यात मुरतं. आणि तुमच्या तर हातातूनही हंगामभर गेलं होतं. शंभर टक्के शिक्का मारून मी सांगू शकत नाही, पण बाकीची सगळी कारणं एकेक करून बाद झाली."

मग तिनं मला समजेल असं सांगितलं. यकृताच्या प्रत्येक पेशीत आपली सगळी जनुकं असतात, पण सगळी एकदम कामाला नसतात. गरजेप्रमाणं काही चालू, काही बंद. अंगात परकं रसायन आलं की ते मोडून काढणारी जनुकं जोरात कामाला लागतात. तेच रसायन रोज येत राहिलं तर ती थांबतच नाहीत, आणि चरबी सांभाळणारी, पेशी दुरुस्त करणारी जी आहेत, ती मागं पडतात. मग सूज, मग कावीळ. प्राण्यांवरच्या प्रयोगांत बुरशीनाशकांनी असं होताना दिसलंय, माणसांत नेमकं किती होतं हे अजून नीट कळलेलं नाही, असंही ती म्हणाली.

"म्हणजे आमच्या अंगणवाडीसारखं," मी म्हणाले. "दिवसभर माहिती भरत बसायचं, अन् लेकरं तशीच."

ती हसली. मी नाही हसले. मला जे विचारायचं होतं ते वेगळंच होतं.

"मंग हे बिघडलेलं माया नातवाले लागन काय?"

"तुमची जनुकं तीच आहेत, काकू. त्यांचं चालू-बंद होणं बिघडलंय. औषध पोटात जाणं थांबलं की ते बरंचसं वळणावर येतं. तुमचं येतंय, पल्लवीचंही येईल असं वाटतं. बाळाचं मला आज सांगता येणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही. जन्मल्यावर तपासू."

डॉक्टर माणूस "माहीत नाही" म्हणतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं. त्या क्षणी मला तिचा रागच आला. तिनं खोटं का होईना "काही होणार नाही" म्हणायला पाहिजे होतं असं वाटलं. आज वाटतं, बरं झालं म्हणाली नाही. अठरा वर्षांत मी कितीतरी गोष्टी माहीत नसताना छातीठोक सांगितल्या असतील.

फोन

घरी आल्यावर दोन महिने मी काय केलं, तर फोन पाहत बसले. कामावर जायची परवानगी नव्हती. पल्लवी रोज संध्याकाळी फोन करायची आणि "जेवली काय, गोळ्या घेतल्या काय" विचारून ठेवायची. तिच्या रक्ताचे रिपोर्ट जावई पाठवायचे. आकडे उतरत गेले आणि नवव्या महिन्यात तिचं यकृत नीट झालं. राहिलं बाळ.

मार्चच्या शेवटी एका दुपारी जावयांचा फोन आला. "आई, मुलगी झाली."

"रडली काय?" मी विचारलं.

"हो, चांगली रडली."

"कशी दिसते? पिवळी?"

"आई, अजून मी नीट पाहिलंही नाही."

तिसऱ्या दिवशी पोरीच्या अंगावर पिवळी झाक आली. डॉक्टर म्हणाले, अशी बऱ्याच बाळांना येते. मी हेच वाक्य शेकडो बायांना सांगितलेलं आहे, पण त्या दिवशी माझा त्यावर विश्वास बसेना. रक्त तपासायला गेलं. मी अमरावतीच्या त्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत जायची हिंमत नव्हती. पल्लवीचे बाबा शेजारी बसले होते. त्यांनी माझा हात धरला, कितीतरी दिवसांनी.

रिपोर्ट चांगला आला. यकृत ठीक. वजन दोन किलो सहाशे. दर तीन महिन्यांनी दाखवत राहा, एवढं सांगितलं.

मी आत गेले आणि लेकीच्या पायाशी उभी राहून हमसून हमसून रडले. पल्लवीनं मला रडू दिलं. मग म्हणाली,

"झालं? आता आयक. रिपोर्ट चांगला आला म्हून तू सुटली असं समजू नको. हे माया नशिबानं झालं, तुया हुशारीनं नाई."

"हो वं माय."

"तू गावातल्या साऱ्या बायांसमोर सांगशीन. काय केलं, कसं केलं, मले काय खाऊ घातलं. मायं नाव घेऊन. ते सांगतलं की मंग पोरीले घेजो."

विहीणबाई "असू दे गं" म्हणाल्या. पल्लवी म्हणाली, "असू दे नाई." ती माझीच लेक आहे, माझाच स्वभाव उचललाय. त्या दिवशी मी नातीला हात न लावता परत आले.

बैठक

एप्रिलमध्ये कामावर रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात गरोदर मातांची बैठक लावली. मदतनीस बाईला सांगून सासवांनाही बोलावलं, कारण घरात धुणं-दळणं त्यांच्या हातात. वीसेक बाया आल्या. कुणी म्हणाली, मॅडम, किती वाळल्या तुमी. कुणी म्हणाली, कावीळ वाईटच.

मी उभी राहिले आणि सांगितलं. ताडपत्री, उघडे हात, उरलेला हरभरा, पाच पाणी, लाडू. पल्लवीचं नाव घेतलं. फोनवरचं "थूक"सुद्धा सांगितलं. मी सांगितलं, बियाण्याला लावतो ते औषध नव्हे, ते पोटात गेलं की विष आहे. ते धुतल्यानं जात नाही. उरलं तर खाऊ नका, विकू नका, कोंबड्यांना टाकू नका. ज्या दुकानातून औषध घेतलं तिथं नाहीतर कृषी सहायकाला विचारा काय करायचं. मोजे घाला, रंग कसाही बसू दे.

मला वाटलं आता हसतील, नाहीतर तोंडाला पदर लावून एकमेकींकडं पाहतील. खरं तर त्याचीच मी तयारी करून आले होते.

मागच्या ओळीतून वंदना उठली. चोवीस-पंचवीसची पोरगी, पहिलंच बाळंतपण. चपला घालून निघून गेली. सासू मागून हाका मारत राहिली, "कुठं चालली वं?" मला वाटलं, चिडली. चिडणारच. अशा बाईचं काय ऐकायचं?

दहा मिनिटांनी ती परत आली. पोटापाशी स्टीलचा डबा धरलेला होता. सगळ्यांमधून वाट काढत आली आणि डबा माझ्या टेबलावर ठेवला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मॅडम, आमच्या घरचं बियाणं तुमीच चोळलं होतं," ती म्हणाली. "उरलं ते आमीबी धुतलं."

मी झाकण काढलं. बेसन होतं. डबा अर्ध्याच्या वर रिकामा झालेला.

कितवा महिना, हे तिला विचारायची गरज नव्हती, रजिस्टर माझ्याच अक्षरातलं होतं. मी तिला खुर्चीवर बसवलं, तिचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं अकोल्याच्या डॉक्टरला फोन लावला.